सावड आभाळाची

गेल्या महिन्यात आमच्या बचत गटाची बैठक होती. हप्ते गोळा झाले, वहीवर सह्या झाल्या, चहा आला. तेवढ्यात तिघी-चौघींचे मोबाईल एकदम वाजले. हवामान खात्याचा इशारा होता, समुद्र खवळलेला राहील म्हणून. आमच्यातल्या एका वहिनींनी तो न वाचताच बोटाने बाजूला सारला आणि म्हणाल्या, "यांचं रोजचंच आहे. सांगतात पाऊस, पडतं ऊन!"

सगळ्या हसल्या. एरवी मीही हसले असते. पण मला 3 जून 2020 आठवला, आणि आमच्या वाडीच्या टोकाला राहणाऱ्या आजी आठवल्या. चहाचा कप हातात तसाच राहिला.

मैत्रिणींनो, ज्यांनी आमचं रेवदंडा पाहिलं नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगते. अलिबागहून रस्त्याने सतरा-अठरा किलोमीटर. एका बाजूला समुद्र, दुसरीकडे कुंडलिका नदीची खाडी, पलीकडे कोर्लईचा डोंगर. गावाभोवती पोर्तुगीजांच्या जुन्या तटबंदीचे अवशेष आणि तटाच्या आत-बाहेर नारळ-सुपारीच्या वाड्या. वाडीत घर, घराला कौलं, कौलांवर माडांची सावली. पाहुण्यांना फार आवडतं. पण हाच माड वाऱ्याने आडवा झाला तर कौलांसकट घर घेऊन जातो, हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

ते लॉकडाऊनचे दिवस होते. मी आगोटीच्या कामात होते. पापड, सुकी मासळी, सरपण, सगळं पावसाच्या आत घरात यायला हवं. 1 जूनला अलिबागच्या एका मैत्रिणीने व्हॉट्सअॅपवर नकाशा पाठवला. अरबी समुद्रातून निघालेली एक रेघ आमच्या किनाऱ्याकडे येत होती. खरं सांगते, मी तो पुढे कोणालाच पाठवला नाही. त्या दिवसांत मोबाईलवर काय काय यायचं! काढे, उपाय, अफवा. त्यातलंच हे एक, असं म्हणून मी फोन कपाटावर ठेवला आणि पापड उलटायला गेले.

2 जूनला दुपारी हवामान खात्याने वादळाला नाव दिलं, 'निसर्ग'. 3 तारखेला दुपारी ते हरिहरेश्वर आणि दमण यांच्या मध्ये, अलिबागच्या जवळ किनाऱ्याला लागेल, असा इशारा होता. भोंगा लावलेली रिक्षा गावातून फिरली. बोटी आत घेतल्या, कच्च्या घरातल्या लोकांना शाळेत हलवलं. आम्ही बायका तिथे चहा-खिचडीच्या कामाला लागलो. दिवेलागणीला पानं मोजताना माझ्या लक्षात आलं, वाडीच्या टोकाच्या आजी कुठे दिसत नाहीत.

आजी एकट्या. मुलगा मुंबईला. मोबाईल नाही, कान मंद, त्यात रिक्षा मोठ्या रस्त्याने गेलेली. मी आणि आमचे हे बॅटरी घेऊन गेलो, तर आजी ओटीवर सुपाऱ्या निवडत बसल्या होत्या. "मला कोणी काहीच सांगितलं नाही गं," एवढंच म्हणाल्या. रागाने नाही, साधंच. त्यांना आणलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ताशी 110 ते 120 किलोमीटरच्या वाऱ्यात त्यांच्या स्वयंपाकघरावर माड पडला. आजी रोज तिथेच झोपत असत.

वादळ गेलं. गावातल्या निम्म्या बागा आडव्या झाल्या होत्या. आजोबांनी लावलेल्या सुपाऱ्या नातवाने कुऱ्हाडीने तोडून बाजूला केल्या. आमच्या घरी तीन आठवडे वीज नव्हती. माझी लेक तेव्हा पुण्याला कॉम्प्युटर इंजिनिअरिंग शिकत होती, लॉकडाऊनमुळे घरी आली होती. एका रात्री मेणबत्तीच्या उजेडात मी तिला विचारलं, "समुद्रात कुठेतरी हवा फिरते, आणि दिल्लीतल्या माणसाला आदल्या दिवशी कसं कळतं की ती अलिबागलाच येणार?"

ती म्हणाली, "आई, तू सांगायचीस ना, तुझ्या माहेरी भाताची लावणी कशी व्हायची? ही तीच गोष्ट आहे."

माझ्या माहेरी लावणी सावडीने व्हायची. आज तुमच्या शेतावर आम्ही, उद्या आमच्या शेतावर तुम्ही. कोणी कोणाला मजुरी द्यायची नाही, श्रम श्रमाने फेडायचे. पावसाच्या तोंडावर एका घराच्या हातांनी जे पंधरा दिवसांत होणार नाही, ते चार घरांच्या हातांनी तीन दिवसांत व्हायचं. लेक म्हणाली, हवामानाचा अंदाज ही कॉम्प्युटरची सावड आहे.

मग तिने समजावलं ते मला जसं कळलं तसं सांगते.

आभाळाचं गणित करायचं तर आधी आभाळाचे चौकोन पाडायचे, रांगोळीच्या ठिपक्यांसारखे. प्रत्येक चौकोनात हवेचा दाब किती, उष्णता किती, दमटपणा किती, वारा कुठून कुठे, हे मांडायचं. मग काही मिनिटांनी काय होईल, त्याच्या पुढच्या मिनिटांत काय, असं पुढे पुढे जायचं. पण माझ्या चौकोनातला वारा शेजारच्या चौकोनातून येतो. म्हणून प्रत्येक पावलाला शेजाऱ्याचं उत्तर विचारल्याशिवाय माझं उत्तर निघत नाही. लावणीत नाही का, एकीने झपझप पुढे जाऊन चालत नाही, ओळ धरून मागे सरकावं लागतं, तसंच.

हे काम माणसांनी करायचं स्वप्नही एकाने पाहिलं होतं. लुईस फ्राय रिचर्डसन हे इंग्रज शास्त्रज्ञ. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये जखमींची गाडी चालवता चालवता त्यांनी हाताने असं गणित सोडवलं. फक्त सहा तासांच्या अंदाजाला सुमारे सहा आठवडे लागले, आणि उत्तर साफ चुकलं! तरी माणूस खचला नाही. 1922 मध्ये पुस्तक लिहून त्यांनी कल्पना मांडली : एक प्रचंड गोल सभागृह, त्यात 64,000 माणसं गणित करत बसली आहेत, प्रत्येकाकडे पृथ्वीचा एकेक तुकडा. मधल्या उंच जागेवर मुकादम. जे पुढे पळतात त्यांच्यावर तो गुलाबी प्रकाश टाकतो, जे मागे पडतात त्यांच्यावर निळा. मला तर हे वाचताना आमच्या लावणीच्या बांधावर उभी राहून हाका मारणारी मोठी काकीच दिसली.

त्या 64,000 माणसांच्या जागी पुढे यंत्रं आली. आपल्याकडची गोष्ट पुण्याची आहे. अमेरिकेने भारताला हवा तेवढ्या ताकदीचा महासंगणक द्यायला नकार दिला. तेव्हा 1988 मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था सुरू झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली 1991 मध्ये 'परम 8000' तयार झाला. त्यातली युक्ती सावडीचीच होती. एक अवाढव्य मेंदू बनवण्याऐवजी अनेक लहान मेंदू एकत्र जोडायचे आणि काम वाटून द्यायचं.

ही झाली एका घरातल्या हातांची गोष्ट. पुढची पायरी म्हणजे अनेक घरांचे हात. वेगवेगळ्या गावांतल्या, वेगवेगळ्या संस्थांचे संगणक तारांनी जोडायचे आणि एकाला गरज पडली की दुसऱ्याची ताकद वापरायची, याला 'ग्रिड' म्हणतात. हे नाव विजेच्या ग्रिडवरून आलं. बटण दाबताना आपण विचारतो का, ही वीज कोयनेची की चंद्रपूरची? तसंच इथे. सी-डॅकनेच 2000 नंतरच्या दशकात 'गरुड' नावाचा असा ग्रिड उभा करून देशातल्या अनेक शहरांतल्या संस्थांचे संगणक जोडले. 2010 पासून 'नॅशनल नॉलेज नेटवर्क' या वेगवान जाळ्याने देशातल्या संशोधन संस्था आणि विद्यापीठं जोडली जाऊ लागली. वीज नसलेल्या घरात मेणबत्तीपाशी बसून विजेच्या ग्रिडचा दाखला ऐकताना हसूही आलं आणि रडूही.

आता या सावडीत कोण कोण येतं ते पाहा. पुण्याची भारतीय उष्णदेशीय हवामान संस्था, नोएडाचं मध्यम पल्ल्याच्या अंदाजाचं राष्ट्रीय केंद्र, लाटा आणि समुद्राचं पाहणारी हैदराबादची 'इन्कॉइस', आणि या सगळ्यांचं ऐकून शेवटी इशारा देणारं हवामान खातं. पुण्याला 'प्रत्युष' आणि नोएडाला 'मिहिर' असे दोन महासंगणक 2018 मध्ये बसवले होते. दोघांची मिळून ताकद 6.8 पेटाफ्लॉप. एक पेटाफ्लॉप म्हणजे एका सेकंदाला एकावर पंधरा शून्यं इतकी गणितं. 'निसर्ग'च्या वेळी हीच जोडी कामावर होती. सप्टेंबर 2024 मध्ये त्यांच्याहून मोठे 'अर्क' पुण्यात आणि 'अरुणिका' नोएडात आले.

गणिताच्या पद्धतीही एकाच घरच्या नाहीत. पुण्यात चालणारी एक पद्धत मुळात अमेरिकेतून आलेली, नोएडाची ब्रिटनमधून, आणि त्यावर आपल्या शास्त्रज्ञांनी आपल्या मान्सूनसाठी केलेलं काम. शिवाय युरोपच्या केंद्राचा अंदाजही ताडून पाहतात. 2018 पासून तर एकच गणित सुरुवातीचे आकडे थोडे थोडे बदलून 21 वेळा सोडवतात. नकाशावर वादळाच्या 21 रेघा उमटतात. त्या एकमेकींना धरून असल्या तर भरवसा जास्त, पांगल्या तर कमी.

पण लावणीला नुसते हात असून भागत नाही, रोपंही लागतात. इथे रोपं म्हणजे नोंदी. जगभरात सुमारे 900 ठिकाणांहून रोज दोनदा फुगे आकाशात सोडतात, सगळीकडे एकाच वेळी. आपल्या घड्याळाने ती वेळ पहाटे आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराची. म्हणजे मी चहाचं आधण ठेवते तेव्हा आणि देवापाशी दिवा लावायच्या जरा आधी. त्यात जहाजांच्या, विमानांच्या, समुद्रात तरंगणाऱ्या यंत्रांच्या आणि उपग्रहांच्या नोंदींची भर. 1950 मध्ये स्थापन झालेल्या जागतिक हवामान संघटनेत 193 देश आणि प्रदेश आहेत आणि ते या नोंदी एकमेकांना देतात. एरवी ज्यांचं पटत नाही तेसुद्धा. उत्तर हिंदी महासागरातल्या वादळांचा अंदाज देण्याची जबाबदारी दिल्लीच्या केंद्रावर आहे आणि त्याचा उपयोग 13 देशांना होतो. त्यात बांगलादेश आहे, पाकिस्तान आहे, इराण आणि येमेनही आहेत. वादळांची नावंही या देशांनीच दिलेली. 'निसर्ग' हे नाव बांगलादेशाने सुचवलेलं. आमच्या माडांवर पडलेलं वादळ, आणि बारशाला आत्या बांगलादेशची!

या सावडीत मला सर्वांत जास्त जवळची वाटली ती एक बाई, अ‍ॅना मणी. केरळमध्ये 1918 मध्ये जन्मल्या, बंगळूरला सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत काम केलं, इंग्लंडला शिकल्या आणि 1948 मध्ये पुण्याच्या हवामान खात्यात रुजू झाल्या. तोवर साधी साधी उपकरणंही परदेशातून यायची. अ‍ॅनाबाईंनी ती इथे बनवण्याचं काम हाती घेतलं आणि जवळपास 100 उपकरणांचे आराखडे प्रमाणित केले. प्रमाणित म्हणजे काय? तर कोकणातला पर्जन्यमापक आणि काश्मीरमधला पर्जन्यमापक सारखंच माप दाखवील. तुमची वाटी मोठी, माझी लहान, तर पाककृती जमेल का? कॉम्प्युटर कितीही मोठा असो, त्यात घातलेली मापंच वेगवेगळी असली तर उत्तर चुकीचंच येणार. सावडीचा पहिला नियम हाच, सगळ्यांचं माप एक. आणि तो आपल्या देशात घालून देणाऱ्यांत एक बाई पुढे होती, हे आपल्या मुलींना सांगायला हवं.

आता आमच्या वहिनींच्या तक्रारीकडे येते. "सांगतात पाऊस, पडतं ऊन." यात तथ्य आहे आणि त्याला कारणही आहे. बारा-बारा किलोमीटरचे चौकोन पाडले तर अलिबाग एका चौकोनात आणि रेवदंडा दुसऱ्यात. आपल्याकडची वळवाची सर कधीकधी इतकी लहान असते की चौलला भिजवते आणि रेवदंड्याला कोरडं ठेवते. ती चौकोनाच्या जाळीतून निसटते. वादळ मात्र शेकडो किलोमीटर रुंद असतं, ते जाळीत सापडतं. मे 2025 मध्ये पुण्याच्या संस्थेने तयार केलेली 'भारत फोरकास्ट सिस्टीम' सुरू झाली, तिचे चौकोन सहा किलोमीटरचे आहेत. जाळी बारीक झाली तेवढी बारीक मासळी सापडेल. हे गणित कोळीवाड्यातल्या बायकांना मी सांगायची गरजच नव्हती, त्यांनीच मला सांगितलं.

आणि 'हरिहरेश्वर ते दमण' एवढा लांब पट्टा सांगितला म्हणून आम्ही तेव्हा नाकं मुरडली होती. आज वाटतं, तो प्रामाणिकपणा होता. अंदाज म्हणजे ज्योतिष नव्हे. मला एवढं माहीत आहे आणि एवढं माहीत नाही, असं सांगणारा तो हिशेब आहे. ओडिशाने याचं मोल जाणलं. 1999 च्या महाचक्रीवादळात तिथे सुमारे 10,000 माणसं गेली. 2013 मध्ये 'फायलिन' आलं तेव्हा आधीच लाखो लोकांना हलवलं होतं आणि मृतांचा आकडा पन्नासच्या आत राहिला. मधल्या वर्षांत संगणक सुधारले हे खरंच. पण गावोगावचे निवारे, स्वयंसेवक आणि दारोदार जाऊन सांगणारी माणसंही वाढली होती.

इथेच माझं मन अडकतं. फुगे उडाले, उपग्रहाने पाहिलं, पुण्या-नोएडाच्या यंत्रांनी रात्रंदिवस गणितं केली, दिल्लीने इशारा दिला, तो जिल्ह्याला आला, तालुक्याला आला, अलिबागच्या मैत्रिणीच्या मोबाईलवरून माझ्या मोबाईलवर आला. हजारो मैलांची साखळी, आणि ती तुटली कुठे? माझ्या कपाटावर. आजींचं घर तिथून दोनशे पावलांवर. "मला कोणी काहीच सांगितलं नाही गं" या वाक्यातलं 'कोणी' म्हणजे मीच होते.

त्यानंतर आमच्या बचत गटाने एक साधं काम केलं. वहीच्या शेवटच्या पानावर वाडीतल्या घरांची यादी केली. प्रत्येकीकडे पाच घरं. कोणत्या घरात म्हातारं माणूस एकटं आहे, कोण अंथरुणाला खिळलंय, कोण बाळंतीण आहे, कोणाकडे मोबाईल नाही, हे नावासमोर लिहिलं. इशारा पिवळा असेल तर लक्ष ठेवायचं, नारिंगी असेल तर पाचही घरी निरोप द्यायचा, लाल असेल तर स्वतः जाऊन माणूस डोळ्यांनी पाहायचं. मेसेज खरा की अफवा, हे हवामान खात्याच्या 'मौसम' अॅपवर ताडून पाहायचं काम आम्ही दोन कॉलेजच्या मुलींवर सोपवलंय. विजांसाठी पुण्याच्या त्याच संस्थेचं 'दामिनी' अॅप आहे, ते शेतावर जाणाऱ्या घरांत घालून दिलं.

मे 2021 मध्ये 'तौक्ते' आमच्या किनाऱ्याजवळून गुजरातकडे गेलं, तेव्हा ही यादी पहिल्यांदा वापरली. निरोप दुपारी द्यायला घेतला आणि दिवेलागणीच्या आत शेवटच्या घरी पोचला. गडबडी झाल्याच. एकीची पाच घरं दुसरीच सांगून आली, एका घरी दोनदा निरोप गेला आणि ते वैतागले. पण राहिलं मात्र कोणी नाही.

त्या दिवशीच्या बैठकीत मी हे सगळं सांगितलं. चहा गार झाला होता. वहिनींनी मोबाईल पुन्हा हातात घेतला, बाजूला सारलेला मेसेज शोधून काढला आणि मोठ्याने वाचला. मग वहीचं शेवटचं पान उघडून म्हणाल्या, "माझी पाच घरं कुठली गं? मी यादीनंतर गटात आले, मला कोणी दिलीच नाहीत."

खरंच की, आम्ही विसरलोच होतो! लगेच दिली. त्यांच्या पाचातलं पहिलं घर वाडीच्या टोकाचं. आजींना आता नवी पत्र्याची पडवी आहे, कान आणखी मंद झालेत, पण सुपाऱ्या निवडणं चालूच आहे. परवा तिथून जात होते तर ओटीवरूनच हाक आली, "काय गं, आज काय म्हणतंय तुमचं आभाळ?"

म्हटलं, "आज काही नाही आजी. काही असलं तर वहिनी येतील सांगायला."